समाधानकाकांची पाटी

सुतारकाका पडले ते शनिवारी दुपारी, चर्चच्या दारात, शिडीवरून, हातात पाटी घेऊन. पाटी तीन फुटांची, सागाची, दोनदा पॉलिश मारलेली. खाली येता येता माणूस जिवाचा विचार करतो असं म्हणतात, पण काकांनी चाळीस वर्षांच्या सवयीने मालाचा विचार केला. पाटी बाजूच्या गवतावर अलगद लोटून दिली आणि मग उरलेल्या वेळात हात टेकले. पाटीला ओरखडासुद्धा आला नाही. काकांची दोन्ही मनगटं मोडली.

पाटीवर कोरलं होतं, ‘आहे त्या स्थितीत समाधान’.

आता या पाटीची हकिगत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्यांच्या चर्चच्या मंडळीत दर रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब एक यादी वाचायचे. कोण अडचणीत आहे आणि काय अडचण आहे, एवढंच. प्रार्थना लांबू नये म्हणून अडचण एका शब्दात. ‘पोस्टमनदादा, गुडघा.’ ‘बेकरीवाली मावशी, सासू.’ मग सगळे डोळे मिटून त्या गुडघ्यासाठी आणि त्या सासूसाठी प्रार्थना करायचे. यादीत आलेल्या माणसाच्या दारात मंगळवारपर्यंत काका हजर. काखेत एक फुटाची पाटी, एका खिशात हातोडी, दुसऱ्या खिशात खिळा. दहा मिनिटं बसून ते बायबलमधल्या पौलाची गोष्ट सांगायचे. तो कैदेत होता, बेड्यांत होता, तरी समाधानी होता. ते झालं की उठून समोर दिसेल त्या भिंतीवर पाटी ठोकायचे. कुठली भिंत, हे घरच्यांना विचारायची पद्धत नव्हती. बारा वर्षांत अशा त्रेचाळीस पाट्या लागल्या. लोक त्यांना समाधानकाका म्हणायला लागले, आधी पाठीमागे आणि मग तोंडावर. काकांना तो मान वाटला.

काकांना स्वतःला त्रेसष्ट वर्षांत सर्दीपलीकडे काही झालेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी यादी उघडली आणि वाचलं, ‘सुतारकाका, दोन्ही हात.’ सगळी मंडळी वळून बघायला लागली. काका तिसऱ्या बाकावर होते. बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर, आणि डॉक्टरांनी हात जरा वर धरायला सांगितलेले. त्यामुळे ते नुसते बसले तरी कुणाला तरी आशीर्वाद देतायत असं वाटायचं. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी खरंच मान खाली घातली.

घरी मात्र आशीर्वादाला कोणी विचारत नव्हतं. माणसाचं नाक दिवसातून किती वेळा खाजतं, हे काकांना पहिल्यांदाच कळलं. दर वेळी काकूंना हाक मारायची म्हणजे काकूंचं काम राहतं आणि बोलणी बसतात. म्हणून ते उठून दाराच्या चौकटीवर नाक घासायचे. चौकट त्यांनीच केलेली होती. हौसेने तिच्या कडा गोल केल्या होत्या, त्याचा आता त्यांना पश्चात्ताप झाला.

जेवणाची तऱ्हा आणखी वेगळी. काकू भरवताना बोलायच्या. शेजारच्यांकडे काय झालं, दूधवाल्याने काय उत्तर दिलं, आणि गोष्ट रंगात आली की चमचा हवेत थांबायचा. काका तोंड उघडून वाट बघायचे. चमचा डावीकडे गेला की तेही डावीकडे वळायचे.

“अगं, चमचा,” ते म्हणायचे.

“थांबा ना, मुद्द्यावर आले आहे.”

छत्तीस वर्षांच्या संसारात काका पहिल्यांदाच कुठलीही गोष्ट मुद्द्यापर्यंत ऐकत होते. मधेच उठून कारखान्यात जायची सोय नव्हती.

मंगळवारी पोस्टमनदादा आले, गुडघ्यावर हात ठेवत. त्यांच्याकडे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. काकूंनी उघडलं. एक फुटाची पाटी.

“तुमचीच आहे,” पोस्टमनदादा डोळे पुसत म्हणाले. “मला फार आधार झाला हिचा. म्हटलं, आता माझ्यापेक्षा तुम्हाला गरज आहे.”

काकांनी आभार मानले. पाटी परत आल्याचं त्यांना बरंसुद्धा वाटलं. पण भल्या माणसांची मनं एकाच रस्त्याने चालतात, आणि त्यातलं कोणी दुसऱ्याला विचारून निघत नाही. बुधवारी बेकरीवाली मावशी आली, पाटी घेऊन. पाटीच्या मागच्या बाजूला पाव कापल्याचे, सुरीचे बारीक चरे होते. “सुरीला अगदी त्रास होत नाही हो,” ती कौतुकाने म्हणाली. गुरुवारी निवृत्त मुख्याध्यापक आले. त्यांची पाटी संडासाच्या दाराला आतून होती. “तिथे चिंतनाला निवांत वेळ मिळतो,” त्यांनी सांगितलं, आणि यात काही विनोद आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

चौथ्या आठवड्यापर्यंत एकोणीस पाट्या जमा झाल्या. काकूंनी सगळ्या काकांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर लावल्या. “उद्या माणसं बघायला आली आणि त्यांची पाटी दिसली नाही, तर काय वाटेल त्यांना?” खिळे काकूंनी ठोकले, सूचना काकांनी दिल्या. सकाळी डोळे उघडले की आपल्याच हातचं समाधान एकोणीस वेळा समोर. सुरुवातीच्या पाट्यांमध्ये ‘स’ जरा कलला होता. हे आधी कुणी सांगितलं कसं नाही, याचाही त्यांना राग आला.

कारण खरी गोष्ट अशी होती की काकांना समाधान नव्हतं. तीळभर नव्हतं. ते मनात सगळीकडे शोधून आले. हत्यारांच्या पेटीत ठेवलेली कानस ऐनवेळी सापडू नये तसं झालं होतं. होती तर नक्की, गेली कुठे? त्यांना काकूंचा राग येत होता, शिडीचा येत होता, पोस्टमनदादांच्या चालत्या गुडघ्याचाही येत होता. हात परत कामाला येतील की नाही, ही एक भीती होतीच. पण तिच्या खाली दुसरी होती, आणि ती जास्त टोचत होती. पाटीवरचं खरं असेल, तर खोट आपल्यातच आहे. आणि खोट आपल्यात नसेल, तर बारा वर्षं आपण चांगल्या लाकडावर खोटं कोरत बसलो. यातलं कुठलंही निघालं तरी सुताराची अब्रू जाणार होती.

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं. डावा हात ठीक निघाला. उजव्या हाताचा अंगठा डॉक्टरांनी पुढे-मागे करून पाहिला आणि जरा जास्तच वेळ पाहिला.

“व्यायाम करा. सहा महिने तरी लागतील,” ते म्हणाले. “पकड येईल, पण पूर्वीइतकी येईल असं मी सांगणार नाही.”

काका घरी आले ते थेट कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची खोली, एक लांब बाक आणि भिंतीला ओळीने लावलेली हत्यारं. त्यांनी कोरायची पटाशी उचलली. ती पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा त्यांनी ती तशीच जमिनीवर राहू दिली, आणि चाळीस वर्षांत त्यांच्या कारखान्यात हत्यार जमिनीवर राहिलेलं नव्हतं.

आत येऊन ते काकूंना म्हणाले, “काढ त्या सगळ्या पाट्या.”

“मला ठोकायला शिकवलंत,” काकू म्हणाल्या, “उपटायला कुठे शिकवलंत?”

मग काकांनी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे पाठ करून बसले. आठवडाभर तसेच बसले. जेवताना हट्टाने चमचा उजव्या हातात धरायचे, निम्मं शर्टावर सांडायचे आणि ताट दूर लोटायचे. रविवारी चर्चला गेले नाहीत. शर्टाची बटणं लागत नाहीत, असं कारण दिलं. काकूंनी बटणं लावली. मग बुटांची नाडी निघाली. काकूंनी नाडीही बांधली. मग काका सरळ म्हणाले, “मला यायचं नाही,” आणि काकू एकट्या गेल्या.

सोमवारी पाळकसाहेब भेटायला आले. वयाने लहान, मनाने चांगले, वेळ साधण्यात कच्चे. “काका, तुमच्या शांतीचं उदाहरण मी प्रवचनात देणार आहे,” ते म्हणाले.

“देऊ नका.”

“हा तुमचा नम्रपणा.”

“नम्रपणा नाही. देऊ नका,” काका म्हणाले, आणि असं म्हणाले की पाळकसाहेबांनी चहा गरम असतानाच संपवला.

बुधवारी दुपारी शिवणताई आली. दोन गल्ल्या सोडून तिचं शिवणाचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी ती यादीत आली होती, ‘शिवणताई, नवरा’, आणि नवरा चांगला धडधाकट असताना चार दिवसांत गेला होता. काका तेव्हाही मंगळवारीच पोचले होते. आज ती आली ती दुकानातून तशीच, गळ्यात मोजपट्टी, कापडी पिशवीत पाटी.

काकांनी मागे न बघता हात केला. “तिकडे ठेव. तुझी काकू ठोकेल.”

“ठोकायला नाही आणली काका, दाखवायला आणली.” तिने स्टूल ओढून बरोबर त्यांच्या समोर मांडलं, मोजपट्टी काढली आणि पाटीला लावली. “एक फूट.”

“एक फुटाचीच असते.”

“आणि वचन किती फुटांचं होतं?”

काकांना काही कळलं नाही. शिवणताईने पिशवीतून बायबल काढलं आणि मांडीवर ठेवलं.

“तुम्ही आलात तेव्हा ह्यांना जाऊन नऊ दिवस झाले होते,” ती म्हणाली. “तुम्ही पौलाचं सांगितलंत, माझ्या मशिनीसमोर ही ठोकलीत आणि गेलात. मी रोज सकाळी कामाला बसले की ही समोर. दोन महिने मी स्वतःला विचारत होते, सगळ्यांकडे आहे, माझ्याकडेच का नाही? माझा विश्वास खोटा आहे का? शेवटी इतका राग आला की म्हटलं, हे त्याने खरंच लिहिलंय का बघू, आणि लिहिलं असेल तर त्याच्याशीच भांडू. काढलं बायबलमधलं त्याचं पत्र. केवढंसं आहे ते. तुम्ही कधी वाचलंत शेवटचं?”

काका बायबलच्या पुठ्ठ्याकडे बघायला लागले.

“तो म्हणतो, जसं असेल तसं, त्यात समाधानाने राहायला मी शिकलो. शिकलो, काका. तुम्ही नेमकं ‘शिकलो’ कापलंत.”

“बसत नव्हतं,” काका म्हणाले.

“म्हणजे?”

“पहिल्यांदा केल्या तेव्हा कपाटातून उरलेले तुकडे होते, एकेक फुटाचे. पूर्ण कोरलं तर अक्षर बारीक होतं. लांबून वाचता आलं नसतं.”

“कापड कमी पडलं म्हणून मी गिऱ्हाइकाला एका बाहीचा शर्ट दिला, तर चालेल?”

काकांना हा धंद्याच्या भाषेतला मार जिव्हारी लागला. कसर ठेवून दिलेला माल त्यांच्या हातून कधी गेला नव्हता, असं ते चारचौघांत सांगत आले होते.

“बरं, छोट्या पाट्यांचं सोडा,” शिवणताई म्हणाली. “चर्चची तर तीन फुटांची होती. तिच्यावर तरी?”

“तोवर सवय झाली होती,” काका म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, “तोवर मला तेवढंच आठवत होतं.”

शिवणताईने पान काढलं आणि वाचून दाखवलं. काकांनी ते बाराशे वेळा तरी ऐकलेलं असेल, पण आज पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटलं. त्या माणसाला उपास माहीत होता, भरलं ताट माहीत होतं, दोन्हींतून तो गेला होता, आणि जाता जाता त्याला ते जमत गेलं होतं. शिवाय त्याने लगेच पुढे हेही सांगून टाकलं होतं की हे बळ त्याचं स्वतःचं नाही, देणारा दुसराच आहे.

“तेही तुम्ही सोडलंत,” शिवणताई म्हणाली.

“त्याला दोन फूट लागले असते.”

ती हसली. मग पाटी त्यांच्यासमोर धरली. अक्षरांच्या शेवटी, जिथे जेमतेम बोटभर जागा होती, तिथे कापडावर खुणा करायच्या खडूने बारीक ‘शिकले’ लिहिलेलं होतं. “रोज धुळीबरोबर पुसलं जातं, रोज लिहिते. शिकलो म्हणजे काय काका? म्हणजे आधी येत नव्हतं. पौलाला येत नव्हतं. हे कळलं त्या दिवशी मी मशिनीवर डोकं ठेवून पोटभर रडले, आणि मग उठून एका झग्याची सहा काजं केली. तेव्हापासून थोडं थोडं येतंय. काही दिवशी सगळं उसवतं. मग देवाकडे परत मागते आणि परत शिवायला घेते.”

“हे मला दोन वर्षांत कधी सांगितलं नाहीस?”

“तुम्ही बसलात कधी? खिळा ठोकला की उठलात. आत्ता हात चालत नाहीत म्हणून सापडलात.”

काकांना आपले सुतारकीचे पहिले दिवस आठवले. वडिलांनी वर्षभर नुसता भुसा झाडायला लावला होता. पटाशी नीट धरायला दोन वर्षं गेली. पहिलं स्टूल केलं त्यावर बसून आजी पडली होती, आणि वडील एवढंच म्हणाले होते की दुसरं कर. स्वतःला पटाशी धरायला दोन वर्षं लागली, आणि लोकांकडून समाधान मात्र आपण मंगळवारपर्यंत मागत होतो. नऊ दिवसांच्या विधवेकडूनसुद्धा. काकांना स्वतःची लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत. आणि त्या लाजेमागोमाग हसू आलं. आधी गालात, मग पोटातून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पाणी पुसायला उजवा हात वर नेला तर तो नेम चुकून कानाला लागला, त्यावर शिवणताईही हसत सुटली.

“मला माफ कर, पोरी,” काका म्हणाले.

“केलं होतं काका. पण तुम्हाला कळायला हवं होतं.” ती उठली, पाटी पिशवीत घातली. “ही मी नेते. माझी आहे.”

ती गेल्यावर काका एकटेच बसले. प्रार्थनासभेत काकांची प्रार्थना म्हटलं की लोक आधी पाणी पिऊन घ्यायचे, इतकी ती लांब असायची. जगाच्या उत्पत्तीपासून सुरू करून ते मंडळीच्या नव्या पंख्यांपर्यंत यायचे. आज त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “प्रभू, मला हे येत नाही. शिकव.” पुढे काही सुचेना. आमेन म्हणून डोळे उघडले. खोलीत काही बदललेलं नव्हतं, शेजारी कुणाचा तरी नळ वाहत होता, अंगठा होता तसाच ताठ होता. पण दोन महिने छातीवर जी फळी ठेवल्यासारखी होती, ती कुणीतरी उचलली होती. फार मोकळं वाटलं त्यांना. आपल्याला येत नाही हे एकदा कबूल केलं की येण्याचं सोंग करावं लागत नाही, आणि काका त्या सोंगानेच जास्त दमले होते.

काकू ताट घेऊन आल्या. “कुणाशी बोलत होतात?”

“शिकवणी लावली.”

“या वयात?”

“उशिराच लावली,” काका म्हणाले.

काकूंनी भाताचा चमचा भरला. आज काकांनी तो हिसकावून घेतला नाही, मुकाट्याने तोंड उघडलं. काकूंनी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं आणि भरवायला लागल्या. दोन-तीन घास झाल्यावर काकांनी विचारलं, “तू जेवलीस?”

चमचा हवेत थांबला. या वेळी कुठलीही गोष्ट रंगात आलेली नव्हती.

“मी नंतर जेवते,” काकू म्हणाल्या. “तुमचं झाल्यावर.”

“रोज?”

“मग काय दोघांचं एकदम होणार आहे?”

“तोवर निवत असेल सगळं.”

“निवतं. चालतं.”

“चालतं?”

काकूंनी चमचा ताटात ठेवला. “आधी नाही चालायचं,” त्या म्हणाल्या. “पहिले पंधरा दिवस मी स्वयंपाकघरात तुम्हाला खूप बोलले. तुम्हाला ऐकू गेलं नाही. मग रोज ताट वाढताना म्हणायला लागले, देवा, आजच्यापुरतं दे, उद्याचं उद्या मागीन. तेवढं मिळायचं. हळूहळू यायला लागलं.” एवढं बोलून त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. “त्यात काय एवढं. खा.”

बारा वर्षं काका त्रेचाळीस घरं फिरले होते. आपल्या घरात कोणी हेच शिकत बसलंय, तेही पाटीशिवाय, आणि त्यांच्यासमोर रोज तीन वेळा बसून, हे त्यांना दिसलं नव्हतं.

त्यांनी चमचा उचलला, उजव्या हाताने. अंगठा वाकेना, म्हणून चमचा दोन बोटांत कसाबसा अडकवला आणि भात घेतला. हात थरथरत ताटावरून निघाला, मधे एकदा थांबला, जरा कलला, पुन्हा सावरला. काकू तोंड उघडून वाट बघत राहिल्या. चमचा डावीकडे गेला तशा त्याही डावीकडे वळल्या. निम्मा भात त्यांच्या मांडीवर सांडला आणि निम्मा तोंडात गेला.

काकूंनी तो सावकाश चावून गिळला, मांडीवरची शितं एकेक वेचून ताटाच्या कडेला ठेवली आणि म्हणाल्या, “पुन्हा.”